मनगटावरचा आकडा आणि ताटातला भात: फिटनेस ट्रॅकर वापरताना कॅलरीचा हिशेब कसा बसवावा

मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूवरून सकाळी पाऊण तास चालून आलं की मनगटावरचा ट्रॅकर २४० कॅलरी खर्च झाल्याचं दाखवतो. जेवणाची नोंद ठेवणारं ॲप ते २४० लगेच दिवसाच्या कोट्यात मिळवतं आणि अजून इतकं खाता येईल म्हणून सांगतं. दुपारी तेवढ्याच भरवशावर भाताची आणखी एक मूद आणि वाटीभर सोलकढी होते. महिनाभर हे नेमाने चालतं आणि वजनकाटा जागचा हलत नाही. घड्याळ बिघडलेलं नसतं, माणसाची जिद्दही कमी पडलेली नसते. दोन वेगळ्या जातीचे आकडे एकाच वहीत बेरजेला घेतलेले असतात.

ही वही नीट मांडायला साहित्य थोडं लागतं: ट्रॅकर, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, १०० ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा वजनकाटा आणि चार आठवड्यांचा धीर. आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. खाली सगळीकडे तोच अर्थ घ्यावा.

ते २४० येतात कुठून

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेखालून वाहणाऱ्या रक्तावरून नाडी ओळखतो आणि आतला दुसरा सेन्सर हाताचा हेलकावा टिपतो. कॅलरी मात्र कुठलंच घड्याळ मोजत नाही. नाडी, हेलकावा आणि तुम्ही भरलेलं वय, उंची, वजन एका सूत्रात घालून ते अंदाज काढतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. सातपैकी सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. यंत्रं त्यानंतर सुधारली, पण पद्धत तीच आहे, म्हणून नाडीवर विश्वास ठेवावा आणि कॅलरीला अंदाजच समजावं.

आता हाताने हिशेब करून पाहू. ताशी ५ किलोमीटरच्या चालीने सपाट जागेवर चालताना शरीराला शांत बसण्याच्या साधारण साडेतीन पट ऊर्जा लागते. शांत बसल्यावर तासाला दर किलो वजनामागे सुमारे १ कॅलरी लागते. ६८ किलोच्या माणसासाठी पाऊण तासाचे होतात ३.५ × ६८ × ०.७५, म्हणजे सुमारे १७९. पण हा पाऊण तास ओटीवर बसून काढला असता तरी ५१ कॅलरी गेल्याच असत्या. चालण्यामुळे वाढलेला खर्च उरतो १२८. ट्रॅकरच्या २४० पैकी जेमतेम निम्मा.

किनारपट्टीवर हा फरक जास्त पडतो, त्याचं कारण दमट हवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीर उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जास्त रक्त धाडतं, आणि त्यासाठी त्याच चालीला हृदयाचे ठोके वाढतात. घड्याळाला हे कळायला मार्ग नाही. ठोके वाढले म्हणजे मेहनत वाढली असं ते धरतं आणि कॅलरी चढवतं. जानेवारीतली आणि मे महिन्यातली एकाच रस्त्यावरची, एकाच वेळात संपलेली चाल ताडून पाहा, नाडीतला फरक स्पष्ट दिसेल. उलटी गडबडही होते: रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर ठोके मेहनतीच्या मानाने कमी राहतात आणि घड्याळ खर्च कमी दाखवतं.

एकच खर्च दोनदा

काही ट्रॅकर, उदाहरणार्थ फिटबिट, दिवसाचा एकूण खर्च दाखवतात. त्यात झोपेतला, श्वासाचा, पचनाचा असा शरीर चालू ठेवण्याचा खर्चही असतो, म्हणून सकाळी अंथरुणातून उठतानाच तिथे काहीशे कॅलरी जमा दिसतात. ॲपल वॉचचं लाल कडं फक्त हालचालीचा खर्च मोजतं. आपल्या ॲपमध्ये कुठला आकडा कुठे आहे ते आधी ओळखा. रात्री १२ नंतर आणि सकाळी उठल्या उठल्या असा दोनदा आकडा पाहिला की उलगडा होतो: झोपेत वाढला असेल तर तो एकूण खर्च.

खरा घोळ पुढे होतो. जेवणाचं ॲप सुरुवातीलाच 'तुम्ही किती हालचाल करता' असं विचारतं. तिथे 'मध्यम' निवडलं की रोजचं चालणं कोट्यात धरलं गेलं. त्यानंतर ट्रॅकर जोडला की तेच चालणं पुन्हा व्यायाम म्हणून जमा होतं. दिवसाला दीडदोनशे कॅलरी अशा हवेतून उगवतात. यावर उपाय सोपा आहे. जेवणाच्या ॲपमध्ये व्यायामाच्या कॅलरी कोट्यात मिळवणारी सोय बंद करा. ट्रॅकर चालू राहू द्या, पण त्याच्या आकड्याला थेट ताटात येऊ देऊ नका. कोटा एकच ठेवायचा, आणि तो कसा काढायचा ते पुढे आहे.

सुरुवातीचा आकडा

१९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र घरच्या हिशेबाला पुरतं. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाच्या पाचपट वजा करा. पुरुष असेल तर ५ मिळवा, बाई असेल तर १६१ वजा करा. समजा एक बाई ४५ वर्षांची, ६८ किलो, १५५ सेंटिमीटर. ६८० अधिक ९६९, वजा २२५, वजा १६१, म्हणजे १,२६३. हा नुसत्या विश्रांतीचा खर्च. दिवसभर घरकाम, दुकान किंवा कार्यालय आणि थोडं चालणं असेल तर याला १.४ ने गुणा: १,७६८.

ताळा म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा पाहता येतो: बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईसाठी १,६६०, आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी २,११०. आपला आकडा यापासून फार लांब गेला असेल तर सूत्रात काहीतरी चुकलं आहे.

वजन उतरवायचं असेल तर या आकड्यातून कापायचं. पण पहिले चार आठवडे फार कापू नका. हा काळ माहिती गोळा करण्याचा आहे. वरच्या उदाहरणात १,६०० धरलं तरी पुरे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने १,२०० च्या आणि पुरुषाने १,५०० च्या खाली जाऊच नये. आणि वजन मुळात उतरवायला हवं का, तेही बघा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून वजन जास्त धरतात आणि २५ पासून स्थूलता. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. वजन बेताचं आणि कंबर मात्र जास्त, ही आपल्याकडची नेहमीची जोडी आहे, म्हणून टेप घेऊन कंबर मोजाच.

घड्याळ बांधण्याची रीत

मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला. चालताना पट्ट्याखाली करंगळी जेमतेम शिरावी, रात्री थोडा सैल. घड्याळ सैल असलं की हिरवा प्रकाश कडेने निसटतो, आणि कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचा ताल नाडी म्हणून नोंदवला जातो. चालताना नाडी आणि मिनिटाची पावलं दोन्ही ११० च्या आसपास एकत्र हलताना दिसली तर हाच प्रकार आहे. थांबून पट्टा आवळा, घाम पुसा.

हातात बांगड्या असतील तर त्या घड्याळाला पुढेमागे ढकलतात आणि ते सैल पडतं. अशा वेळी घड्याळ बांगड्यांच्या वर, हाताच्या मांसल भागावर बांधा. तिथे नाडीही चांगली मिळते. ॲपमध्ये डावा-उजवा हात खरा भरा. वजन दर महिन्याला बदलून घाला. दोन वर्षांपूर्वीचं वजन तिथेच पडून असतं आणि सगळा हिशेब त्यावर चालतो.

पावलाची लांबीही एकदा मोजून भरा. गावातला रस्ता चढउताराचा असतो, म्हणून शाळेच्या मैदानावर किंवा ओहोटीला उघड्या पडलेल्या घट्ट वाळूवर नेहमीच्या चालीने १०० पावलं चाला आणि अंतर टेपने मोजा. ६४ मीटर भरलं तर पाऊल ६४ सेंटिमीटर. नारळी-पोफळीच्या दाट आगरातून किंवा दोन डोंगरांमधल्या पाणंदीतून जाताना जीपीएसची रेघ इकडेतिकडे भरकटते आणि अंतर चुकतं. तिथे हीच लांबी कामाला येते.

ताट मोजणं

खर्चापेक्षा जमेच्या बाजूला मोठ्या चुका होतात, आणि आपल्याकडे त्या तीन ठिकाणी होतात: भात, नारळ, तेल.

भात शिजल्यावर किती पाणी पितो त्यावर त्याचं वजन ठरतं. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात आणि मोकळा भात यांची एक वाटी सारखी नव्हेच. म्हणून तांदूळ कच्चा मोजायचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी. रिकाम्या टोपाचं वजन एकदा घेऊन ते तळाला मार्करने लिहून ठेवा. समजा घरासाठी ३०० ग्रॅम तांदूळ घेतला: १,०५० कॅलरी. शिजल्यावर टोपासह वजन केलं, टोपाचं वजा केलं, भात निघाला ८५० ग्रॅम. १,०५० भागिले ८५०, म्हणजे ग्रॅमला १.२४. ताटात २०० ग्रॅम वाढला तर २४७. पहिल्या आठवड्यात हे रोज करा. घरचा तांदूळ आणि घरचं पाण्याचं माप ठरलेलं असतं, त्यामुळे नंतर नुसता डाव पुरतो: आपल्या डावात किती ग्रॅम बसतात ते एकदा कळलं की झालं.

ओल्या नारळात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, तेलात ग्रॅमला ९. चार माणसांचं बांगड्याचं तिखलं बघा. साफ केलेले बांगडे ५०० ग्रॅम, सुमारे ६२५. वाटपाला १२० ग्रॅम खोबरं, ४५०. तेल ३० ग्रॅम, २७०. मिरची, कोकम, तिरफळं यांचं काही धरू नका. बेरीज १,३४५, माणशी ३३६. यातला निम्म्याहून जास्त भाग वाटप आणि तेलाचा आहे. ॲपमध्ये 'फिश करी, एक वाटी' असं शोधून जे निघतं ते कुठल्या प्रांताच्या, कुठल्या वाटपाच्या आमटीचं आहे ते कळत नाही. आपल्या घरच्या पाचसहा नेहमीच्या आमट्या-भाज्या एकदा अशा मोजून ॲपमध्ये स्वतःची पाककृती म्हणून साठवा. दोन दिवसांचं काम आहे, पण पुढे वर्षभर उपयोगी पडतं.

तळलेल्या माशाला रव्याबरोबर तेल किती चिकटलं ते डोळ्यांनी दिसत नाही. तव्यात तेल घालण्याआधी बाटली मोजा, तळून झाल्यावर उरलेलं वाटीत काढून मोजा. फरक जितका, तितकं पोटात गेलं.

सोलकढीचं मात्र नेमकं सांगणं कठीण. खोबरं हाताने पिळलं तर बरीच चरबी चोथ्यात राहते, मिक्सरमधून काढून दोनदा पिळलं तर बहुतेक दुधात उतरते. एक रीत धरा: खोबऱ्याच्या निम्म्या कॅलरी मोजा आणि रोज तसंच करा. चूक असली तरी ती सारखीच राहील, आणि सारख्या चुकीवर तोड आहे. ती पुढे येते.

बाकी पदार्थांचं थोडक्यात. ५० ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी १८०. दहा काजूगर, साधारण १५ ग्रॅम, ८० च्या वर. मध्यम हापूसचा गर दीडशे ग्रॅमच्या आसपास, १०० कॅलरी. आंबा एकटा कधीच वजन वाढवत नाही, तो जेवणानंतर जेवणावर चढवला जातो तेव्हा वाढवतो. शहाळ्याचं पाणी पेलाभर ५०. दोन चमचे साखरेचा, थोड्या दुधाचा चहा ७०. पाहुण्यांबरोबर दिवसात पाच झाले तर ३५०, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाऊन जी तूट पाडायची, ती सगळी चहातच गेली. उपासाला ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि १० ग्रॅम तूप घेतलं तर ४४० होतात, बटाटा वेगळा. कॅलरीच्या वहीत संकष्टीचा दिवस बहुतेक वेळा सगळ्यांत जड निघतो.

प्रथिनांकडे दुर्लक्ष नको. वजन उतरताना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम मिळाली तर स्नायू टिकतात. मासळीत १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम, कुळथाच्या पिठात जवळपास २२. किनाऱ्यावर राहणाऱ्याला प्रथिनं शोधायला डबे विकत आणावे लागत नाहीत.

चार आठवड्यांची वही

आता सगळ्याचा गाभा. घड्याळ चुकतं आणि आपली जेवणाची नोंदही चुकते, पण दोघांची चूक बऱ्यापैकी ठरावीक असते. वजनकाटा ती चूक उघडी पाडतो.

चार आठवडे तीन आकडे रोज लिहा: खाल्लेल्या कॅलरी, घड्याळाने दाखवलेला एकूण खर्च, आणि सकाळचं वजन. ज्या घड्याळात फक्त हालचालीचा खर्च दिसतो त्यात विश्रांतीचा मिळवून एकूण लिहा. वजन शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत घ्या. काटा लादीवर ठेवा. शेणाने सारवलेल्या किंवा ओबडधोबड जमिनीवर त्याचे पाय एकसारखे टेकत नाहीत आणि किलो-दीड किलोचा फरक सहज येतो. लादीचा किंवा कडप्प्याचा एक सपाट तुकडा खाली घ्या आणि जागा बदलू नका.

चार आठवडे झाले की पहिल्या आठवड्यातल्या सात वजनांची सरासरी काढा, चौथ्या आठवड्याची काढा. वरच्या उदाहरणातल्या बाईची पहिली सरासरी ६८.३ आणि शेवटची ६७.६ आली असं धरू. फरक ०.७ किलो. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी, म्हणून ०.७ किलोचे ५,३९०. पहिल्या आठवड्याच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत २१ दिवस होतात, २८ नव्हे. इथे हमखास चूक होते. ५,३९० भागिले २१, म्हणजे रोजची खरी तूट २५७. खाण्याची सरासरी होती १,६००. दोन्ही मिळून तिचा खरा खर्च १,८५७.

घड्याळाची सरासरी मात्र होती २,१५०. १,८५७ भागिले २,१५० केले की येतात ०.८६. हा तिचा गुणक. तिच्या घड्याळाचा, तिच्या नोंदीच्या सवयीचा आणि तिच्या सोलकढीचाही, कारण नोंदीत काही सुटत असेल तर तेही या आकड्यात सामावलं आहे. म्हणूनच नोंदीची रीत मध्येच बदलायची नाही. अधिक काटेकोर व्हायचं ठरवलं तर जरूर व्हा, पण मग वही नव्याने सुरू करा.

इथून पुढे तिचा कोटा १,८५७ मधून ३५० वजा जाता १,५०० च्या आसपास. आठवड्याला ३०० ग्रॅमच्या थोडं वर उतरेल. हे हळू वाटतं, पण सणवार सांभाळून वर्षभर टिकतं ते हेच.

लावणीचा किंवा जत्रेचा दिवस आला आणि घड्याळाने २,६०० दाखवले तर २,६०० × ०.८६, म्हणजे सुमारे २,२४० धरा. नेहमीच्या १,८५७ पेक्षा ३८० जास्त. त्यातला निम्मा भाग परत खायला हरकत नाही: एक तांदळाची भाकरी. निम्माच का? गुणक महिन्याच्या सरासरीवर बसवलेला आहे, एकेका दिवसावर तो इतका घट्ट बसत नाही. भूकच नसेल तर तीही खाऊ नका. पण दुसऱ्या दिवशी पाय ओढावे लागले, झोप उडाली किंवा चिडचिड वाढली तर खाणं कमी पडलं आहे असं समजा.

काय निसटतं, काय उगाच मोजलं जातं

दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानात विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. तो गाठला नाही म्हणून रात्री अकराला अंगणात फेऱ्या मारायची गरज नाही. आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अधिक कामाची.

खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना हाताला बसणारे हादरे पावलं म्हणून चढू शकतात. विळीवर नारळ खवताना, पाटा घासतानाही तसंच. उलट डोक्यावर पाटी किंवा हंडा धरून चाललं की हात स्थिर राहतो आणि पावलं मोजलीच जात नाहीत. भाताची लावणी करताना दिवसभर कंबर वाकलेली असते, पावलं मात्र चिमूटभर. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याचंही तेच: अंगातलं सगळं बळ लागतं आणि घड्याळात थोडीशी पावलं. अशा कामाला घड्याळात 'इतर व्यायाम' असा प्रकार लावून ठेवा, म्हणजे निदान नाडीवरून हिशेब होईल. मात्र चिखलाच्या कामात ते उतरवून ठेवायची वेळ आली तर चुकल्याची हळहळ नको. त्या दिवसाच्या नोंदीपुढे खूण करा आणि सरासरीतून तो दिवस वगळा.

पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या चढणीची, गोष्ट निराळी. ६८ किलोच्या शरीराला ३ मीटर वर चढवायला सुमारे २ कॅलरी जास्त लागतात. ३० मीटर उंचीची पाखाडी एकदा चढली की वीसेक, दिवसात चारदा चढली की ८० च्या आसपास. ज्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर नाही त्याला चढ कळत नाही. ज्यात आहे त्याचं दाबाचं छिद्र पावसात पाण्याने किंवा मिठाच्या थराने बुजतं. कधी घरात बसल्या बसल्याही मजले चढल्याचं दिसतं, कारण वादळी हवेत दाब बदलला तरी ते त्याला चढच समजतं.

आणि वाळू. कोरड्या, मऊ वाळूत चालायला घट्ट जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. १९९८ च्या एका प्रयोगात ती २.१ ते २.७ पट भरली. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर फरक फारच कमी. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून रोज सहाला जाणाऱ्याला एका आठवड्यात घट्ट वाळू मिळते आणि पुढच्यात मऊ. तेच अंतर, तीच वेळ, दमणूक मात्र वेगळी. महिन्याच्या सरासरीत हे मुरून जातं. फक्त सुरुवातीला मऊ वाळूत १० ते १५ मिनिटांवर जाऊ नका. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते आणि मग आठवडाभर चालणंच बंद पडतं. उतरत्या वाळूवर जाताना एका कुशीने आणि येताना दुसऱ्या कुशीने चाला, नाहीतर एकाच गुडघ्यावर भार येतो.

वजन उचलण्याच्या, बैठका-जोरांच्या व्यायामाला घड्याळ फार कमी कॅलरी देतं. तरी तो आठवड्यातून दोनदा करावाच. तिथे आपण कॅलरी जाळायला जात नाही, स्नायू राखायला जातो.

काटा उड्या मारतो तेव्हा

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ताटात सुकट, सुका बांगडा, खारं जास्त येतं. मीठ वाढलं की शरीर पाणी धरतं आणि एका रात्रीत वजन किलोभर चढतं. ती चरबी नव्हे. किलोभर चरबीसाठी ७,७०० कॅलरी वर खाव्या लागतात. दोन सुक्या बांगड्यांत त्या मावत नाहीत. पाळीच्या आधीचे दिवस, बऱ्याच दिवसांनी केलेला जोराचा व्यायाम, रात्री उशिराचं जेवण, या सगळ्याचं असंच होतं. म्हणून एका दिवसाच्या वजनाकडे बघून ताटातला भात काढू नका. सात दिवसांची सरासरी बघा.

गणपतीत तर हिशेबाचा ताण घेऊच नये. एका उकडीच्या मोदकात २० ग्रॅम तांदूळपिठी, २० ग्रॅम खोबरं, १५ ग्रॅम गूळ धरला तर २०० कॅलरी, वर तूप. ते पाच दिवस तूट ठेवायची नाही, वजन आहे तिथे राखायचं एवढंच ठरवा आणि मोदक मन लावून खा. पाहुणे गेल्यावर नेहमीचा कोटा सुरू.

सरासरी सलग तीन आठवडे हललीच नाही तर आधी नोंद तपासा: तेल, खोबरं, चहा, येता-जाता तोंडात टाकलेले काजू. तिथे काही सापडलं नाही तर कोट्यातून १०० ते १५० कमी करा किंवा रोज २० मिनिटं चालणं वाढवा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. वजन ४-५ किलो उतरलं की शरीराचा खर्चही घटतो, तेव्हा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि वाढत्या वयाची मुलं यांनी तूट ठेवू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खाणं कमी आणि चालणं जास्त या जोडीने साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून घ्या आणि चालताना खिशात साखर ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारा. आणि आकडे बघून खाण्याची भीती वाटायला लागली, जेवल्यावर अपराधी वाटू लागलं, तर ट्रॅकर कपाटात ठेवून द्या आणि घरच्या माणसांशी, डॉक्टरांशी बोला.

मीठ, पाऊस आणि पुन्हा चार आठवडे

समुद्राचं पाणी लागलं की घड्याळ गोड्या पाण्याने धुवा, पट्टा काढून दोन्ही बाजू पुसा. घामाचं आणि समुद्राचं मीठ पट्ट्याखाली साचून मनगटावर लाल चट्टा उठतो; दोन दिवस हात बदलला की बसतो. चार्जिंगच्या धातूच्या टिकल्या ओल्या असताना चार्जर लावला की त्या हिरव्या-काळ्या पडतात आणि मग चार्जिंगच होत नाही. पावसाळ्यात पुसूनही अर्धा तास पंख्याखाली ठेवूनच लावा. वजनकाट्यातली बॅटरी दमटपणाने उतरते, आकडा उगाच थरथरायला लागला की आधी ती बदला.

जूनपासून चालणं कमी होतं. दहा मीटरची पडवी असेल तर शंभर वेळा लांबी चालून गेलं की एक किलोमीटर होतो. जोत्याच्या पायरीवर चढउतार पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांत केली तरी नाडी चांगली वर जाते, पायरीवर शेवाळ नाही ना तेवढं पाहा. पण मे महिन्यात काढलेला गुणक या दिवसांत तसाच चालणार नाही: हवा थोडी थंड, चालणं वेगळं, ताट वेगळं. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा, चार आठवड्यांची वही पुन्हा मांडा. दोन्ही गुणक ॲपच्या टिपणात महिन्यासह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच ऋतू आला की सुरुवात तिथून करता येते.